बांधावरची पंगत

शाळेचा हंडा उलथवला गेला तो १९५५ सालच्या श्रावण वद्य पंचमीचा दिवस. दुपारची वेळ होती. पडवीत पंचेचाळीस मुले एका ओळीने मांडी घालून बसली होती. वाढणे संपत आले होते. मी हात जोडल्याशिवाय कोणी घासाला हात लावायचा नाही, या नियमाप्रमाणे सर्वांचे डोळे माझ्याकडे लागले होते. मी हात जोडले, मुलांनी पहिला घास उचलला, आणि त्याच क्षणी काळुराम चार माणसांसह पायरी चढून आत आला.

खारसोंडे हे गाव ठाण्याजवळच्या दिवा स्टेशनापासून खाडीच्या अंगाला दीड कोसावर. एका बाजूस मिठागरे, दुसऱ्या बाजूस मातीच्या लांब बांधाने खाऱ्या पाण्यापासून राखलेली भातजमीन. तिला तेथे खार म्हणतात. काळुराम हा त्या खारातला सर्वांत मोठा वाटेकरी आणि बांधाचा कारभारी. त्याची मुलगी जया माझ्या तिसऱ्या इयत्तेत होती. तिच्या तोंडात घास होता.

"ऊठ," काळुराम म्हणाला.

जया उठली नाही. उठावे की गिळावे, हे तिला कळेना. त्याने तिची मान धरून तोंडात दोन बोटे घातली आणि घास बाहेर काढला. मग तिला अशी थप्पड मारली की ती शेजारच्या मुलाच्या थाळीवर पालथी पडली.

हंड्यामागे सखुबाई उभी होती आणि तिच्याजवळ तिचा भाऊ दगडू. सखुबाई महारवाड्यातील विधवा. फाळणीनंतर कल्याणजवळच्या निर्वासितांच्या छावणीत तिने दोन वर्षे हजारो माणसांचे अन्न रांधले होते. लाकडी उलथण्याचे एक टोक हंड्याला लावून दुसरे कानाशी धरी आणि आतल्या आवाजावरून डाळ शिजली की नाही ते सांगे. शाळेत मुलांना दुपारचे जेवण द्यावे असा सरकारचा प्रयोग आमच्या शाळेकडे आला, तेव्हा आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, घाईत गावातली एकही बाई स्वयंपाकाला मिळेना. सखुबाई आपण होऊन आली. दगडू तिचे पाणी आणि सरपण वाही.

दगडू मुलीला उचलायला वाकला, एवढाच त्याचा अपराध. पहिला घाव त्याच्या पाठीत बसला. फावड्याचे दांडे होते ते, बाभळीचे. तो पडला तरी ते थांबले नाहीत. त्याच्या नडगीचे हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला; सुकी काटकी गुडघ्यावर मोडावी तसा. मुले भिंतीला चिकटून रडत होती. शेवटी काळुरामाने हंड्याला लाथ घातली. उरलेली कढत खिचडी सखुबाईच्या दोन्ही पायांवरून वाहत पडवीभर पसरली. हंड्याची कडी धरून तिने तो सरळ केला आणि मग खाली बसली.

मी उभा होतो. हात अजून जोडलेलेच होते.

"काळुराम," मी म्हणालो, "हे अन्न आहे. अन्नाला लाथ मारू नये."

तो माझ्याजवळ आला. घामाने निथळत होता, पण आवाज शांत होता. "मास्तर, तुमचा डबा कुठं हाय?"

माझी नजर शाळेच्या कपाटाकडे गेली.

"कपाटान् हाय. पितलेचा. घरून येतो. मना सर्व माहीत हाय. तुमी खाल्लाव कधी हिच्या हातचा? तुमचा धरम कपाटान् ऱ्हातो नि आमचा पंगतीन् बुडवता?"

तो निघून गेला. आयुष्यात पुष्कळांनी पुष्कळ कठोर शब्द मला ऐकवले. त्यांतील बहुतेक मी विसरलो. हे विसरलो नाही, कारण ते खरे होते. ठाण्यातील वैदिक घराण्यात मी वाढलो. अन्नाची निंदा करू नये, आलेल्याला विन्मुख पाठवू नये, हे मी मुंज झाल्यापासून पाठ म्हणत आलो आणि मुलांकडून म्हणवूनही घेत होतो. पण दुपारी मुले जेवली की शाळेच्या कपाटातला डबा काढून मी खिडकीकडे तोंड करून जेवत असे.

दगडूला होडीत घालून ठाण्याच्या इस्पितळात नेले. चौकीवरून एक जमादार आला, त्याने पडवी पाहिली, शहाळ्याचे पाणी प्याला आणि म्हणाला, "गुरुजी, शिवाशिवीचा कायदा झालाय खरा. पण आमच्याकडं कागद अजून आला नाही." झाले.

दुसऱ्या दिवशी सखुबाई आली, पायांना कोरफडीचा गर लावून वर केळीची पाने बांधलेली. चूल पेटवली. मुले अकराच आली, तीही बहुतेक तिच्याच वस्तीतली.

"सखुबाई, आठ दिवस विश्रांती घ्या," मी म्हटले.

"आठ दिसांनी हंडा हितं असंल का, गुर्जी?"

तिचे म्हणणे बरोबर होते. भाद्रपदात जिल्ह्याचे अधिकारी तपासणीला येणार होते, आणि त्यांच्या पत्रात अट स्पष्ट होती: शाळेतील सर्व मुले एका पंगतीत जेवताना दिसली तर जेवण चालू राहील, नाही तर धान्य, दुधाची पावडर आणि हंडा दुसऱ्या गावी जाईल. मिठागरावर मजुरी करणाऱ्यांच्या त्या मुलांना दिवसाचे ते एकच पोटभर जेवण होते. दोन महिन्यांत त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यांवरचे चट्टे गेले होते. मी ते रोज पाहत होतो.

काळुरामाने आता शाळेच्या वाटेवर माणसे बसवली. बाभळीखाली पाच जण दिवसभर बसत; डबा-थाळी घेऊन येणाऱ्या पोराची थाळी दगडाने चेचून परत देत. एका मुलाने थाळी सोडली नाही, तर त्याची बोटेही चेचली. श्रावणात आवणी उरकल्यावर गावाने बांधाची डागडुजी करायची असते. खेकड्यांची बिळे चिखलाने बुजवायची असतात. त्या वर्षी ती माणसे बाभळीखाली होती. बिळांकडे कोणाचे लक्ष गेले नाही. माझेही नाही, मला तेव्हा त्यातले काही कळत नव्हते.

अधिक भाद्रपद लागायच्या आदल्या दिवशी काळुरामाचा बाप धाकूबाबा काठी टेकत शाळेत आला. ऐंशीच्या घरातला म्हातारा, पायांना बांधाच्या चिखलाने पडलेल्या भेगा. पायरीवर बसला, विडी पेटवली.

"मास्तर, तुमी शिकलेले," तो म्हणाला. "मना सांगा, बांध फुटला तं गाव काय करतं?"

"बुजवायला धावते."

"कोन धावतं?"

"सगळे."

"सर्व. आगरी, कोली, म्हार, सर्व. नि बुजंपर्यंत कोन खाली उतरत नाय. भूक लागली तं? जो भांडा वर येल त्यातलाच खावाचा. माझ्या बापाच्या टायमाला ह्या सखूच्या आजीची भाकर सर्व गावाने खाल्ली. दोन दिस." त्याने विडी पायरीवर विझवली. "बांधाला इटाल नाय. ह्यो आमचा जुना कायदा. नि बांधावर जो हात उचलंल त्याचा खारातला वाटा जातो. काल्या कारभारी हाय, त्याला ह्यो कायदा मोडता येनार नाय."

"म्हणजे?"

"मास्तर, तुमाला सर्व फोडून सांगाला लागतं," तो म्हणाला. "हंडा बांधावं न्या."

दुसऱ्या दिवशी अधिक प्रतिपदा. सखुबाईने खिचडी शाळेत शिजवली आणि हंडा कावडीला बांधून बांधावर नेला. धाकूबाबा आधीच जाऊन उघाडीपाशी, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराशी, मांडी घालून बसला होता. त्याने पहिली पत्रावळ आपल्यापुढे ओढली.

"वाढ गो, सखू. हात का आखडतंस? तुझी आजी बी अशीच हात आखडायची."

तो जेवताना दिसला तेव्हा एकेक मूल खाली खारातून वर चढून आले. बाभळीखालची माणसे बांधाच्या पायथ्यापर्यंत आली आणि तेथेच थांबली. जया आजोबाच्या मांडीला टेकून बसली. एका बाजूस खाडी, दुसऱ्या बाजूस गुडघाभर हिरवे भात, आणि मधल्या अरुंद मातीवर एक लांब ओळ.

वाढत वाढत सखुबाई माझ्यापुढे आली.

"मला नको," मी म्हणालो. "अधिक महिन्याचे माझे एकभुक्त आहे. एकदाच जेवतो."

ती डाव हातात धरून उभी राहिली. वाढण्याचा तो मोठा पितळी डाव वाफेने ओला झाला होता. "यकदाच जेवता ना, गुर्जी? मंग ह्येच यकदा."

धाकूबाबा खो खो हसला. मी हातातल्या पुस्तकात तोंड घातले.

आठवडाभर ही पंगत बसली. काळुराम रोज खालून पाहत असे. बांधावर त्याला हात उचलता येत नव्हता, म्हणून अधिक शुद्ध अष्टमीला त्याने बांधावरच हात टाकला.

आम्ही हंडा घेऊन पोचलो तेव्हा ओहोटी होती. उघाडीजवळ, नेमकी पंगत बसे त्या जागी, काळुराम आणि त्याची माणसे फावड्यांनी माती उपसत होती. सहा हात रुंद आणि दोन हात खोल अशी खाच त्यांनी पाडली होती.

"अष्टमीचा भांग हाय," तो मला म्हणाला, जणू मी विचारले होते. "आजचा पानी हितपर्यंत चढत नाय. पुनवेच्या उधानाआधी बुजवीन. तवर तुमची पंगत कुठं बसते बघू."

त्याचा हिशेब भरतीपुरता बरोबर होता. अष्टमीची भरती लहान असते, तिलाच तेथे भांग म्हणतात. बांधाच्या निम्म्यावरही येत नाही. चूक भरतीत नव्हती, बांधात होती.

धाकूबाबा काठी टाकून त्या खाचेत उतरला आणि खाली बसला. "आता खण," तो म्हणाला.

"बाबा, ऊठ."

"तू बांध फोडलास. तुझ्या आज्याने हितं स्वतःचा पोर चिखलान् घातलेला, पानी थांबवाला. आमी सर्व त्याच्या हाडांवर बसून जेवतो. तुना माहीत नाय?"

"ऊठ सांगतो."

"नाय उठत, काल्या."

काळुरामाने बापाचे दंड धरले आणि ओढले. म्हाताऱ्याने मुलाच्या हाताचा चावा घेतला. काळुरामाने हात झटकला, की ढकलले, ते मी आजही सांगू शकत नाही. मी चार हातांवर होतो आणि मी पाहिले. म्हातारा मागे गेला, आणि त्याचे डोके उघाडीच्या दगडी खांबावर आपटले. कानातून रक्त आले. मुले किंचाळली. काळुराम आपल्या चावलेल्या हाताकडे पाहत राहिला.

मी मुलांना घरी पाठवले. म्हाताऱ्याला उचलून न्यायला माणसे पुढे झाली, तर त्याने डोळे उघडले आणि बोटानेच नाही म्हटले. बांध उघडा असता कोणी खाली उतरत नाही. त्याला खाचेबाहेर बांधावरच निजवून सखुबाईने त्याचे डोके मांडीवर घेतले. हंडा तसाच झाकून बाजूला होता. काळुराम पायथ्याशी जाऊन बसला, गुडघ्यांत मान घालून. त्याच्या माणसांतले दोघे गुपचूप गावाकडे चालू लागले.

तिसऱ्या प्रहरी भरती चढू लागली. पाणी खाचेच्या खूप खाली होते, तरी खाराच्या बाजूने बांधातून चार ठिकाणी पाण्याच्या धारा उडाल्या. बिळे आरपार झाली होती. वरची दोन हात माती काढल्यामुळे खालच्या पोकळ मातीवर दाब उरला नव्हता. काळुरामाला सर्वांच्या आधी कळले. तो ओरडत वर धावला, पण खाच त्याच्या पायाखालीच बसली. दोन्ही कडा ढासळल्या आणि तो छातीपर्यंत चिखलात गाडला गेला. त्याच्या खांद्यांवरून खाडी खारात शिरली.

हाक गेली. सारा गाव धावला, महारवाडाही धावला. फावडी, घमेली, दारांच्या फळ्या, बैलगाडीचे चाक, जे हाती लागेल ते घेऊन माणसे आली. कोणी कोणाला बाजूला हो म्हटले नाही. काळुरामाला दोरांनी उपसून काढताना त्याच्या बरगड्या मोडल्या. तो गुरासारखा ओरडत होता. नाथा नावाच्या मिठागरावरच्या एका तरुणाला पाण्याने फळीसकट उचलून खारात फेकले. त्याचे प्रेत दुसऱ्या दिवशी भातात सापडले. मीही चिखलाची घमेली वाहिली. माझे जानवे कोठे तुटले ते मला कळले नाही.

सूर्य पारसिकच्या डोंगरामागे उतरला तेव्हा भरती थांबली आणि आमची माती टिकली. खार मात्र गेला होता. पाचशे खंडी भाताचे ते हिरवे पीक खाऱ्या पाण्याखाली उभे होते. धाकूबाबा केव्हा गेला ते सखुबाईलाच ठाऊक. तिने त्याचे डोके खाली ठेवले, तोंडावर आपल्या लुगड्याचा फाडलेला पदर घातला आणि उठून हंड्यावरचे झाकण काढले.

कोणी बोलावले नाही. चिखलाने माखलेली माणसे बांधावर ओळीने बसली. अजून पहाटेची भरती जायची होती. खाली कोणालाच उतरता येत नव्हते. खिचडी गार होऊन तिचा गोळा झाला होता. सखुबाई प्रथम माझ्यापुढे आली आणि डाव भरून उभी राहिली. मी हात पुढे केले, कारण पत्रावळी वाहून गेल्या होत्या. तिने माझ्या ओंजळीत घातले. माझ्या हातांवरचा खारा चिखल त्या घासात मिसळला. मी खाल्ले. तेव्हा काहीच वाटले नाही, फक्त भूक लागली होती. एवढ्यासाठी मी दोन महिने खिडकीकडे तोंड करून बसत होतो, हे मागाहून मनात आले.

ओळीच्या शेवटी काळुराम होता, एका कुशीवर टेकलेला. जो पंगतीत बसणार नाही त्याला बांधाला हात लावता येत नाही, हेही त्या जुन्या कायद्यात होते. त्याने ओंजळ पुढे केली.

सखुबाईने डाव हंड्यात बुडवला नाही. तो उलटा धरून तिने सर्व बळ एकवटून त्याच्या तोंडावर मारला. पितळेचा काठ गालात रुतला आणि कानापर्यंत फाडत गेला. दुसरा घाव मोडलेल्या बरगड्यांवर पडला. तो वाकला, ओंजळ मात्र तशीच राहिली.

"सखू," गावातला एक म्हातारा हळूच म्हणाला, "बांधावर हात उचलला तं वाटा जातो."

"माझा वाटा कुठं हाय बांधात?" ती म्हणाली. "काय जाईल माझं?"

तिने डाव लुगड्याला पुसला, हंड्यात बुडवला आणि काळुरामाच्या ओंजळीत घातले. इतरांना घातले तेवढेच. कमी नाही. त्याने खाल्ले. रक्त घासावर टपकत होते, आणि बाजूला त्याचा बाप पदराखाली पडला होता.

पंचनाम्यात धाकूबाबाचा मृत्यू 'बांध ढासळून' झाला असे लिहिले गेले. ते निव्वळ खोटे नव्हते, पुरते खरेही नव्हते. खाली गावातल्या चार अंगठ्यांबरोबर माझी सही आहे. सखुबाईने अंगठा दिला नाही. काळुरामाचा खारातला वाटा गावाने काढून घेतला, आणि पुढे तीन वर्षे त्या मिठाळ जमिनीत कोणाचेच काही पिकले नाही.

तपासणीचे अधिकारी बावीस दिवसांनी आले. पडवीत पंगत बसली होती, सर्व मुले. जया ओळीत पाचवी. मुलांनी माझ्याकडे पाहिले. मी हात जोडले आणि मुलांच्या ओळीतच शेवटी बसलो. साहेबांनी विचारले, "जेवणाला कोणाची काही हरकत?"

बाहेर पायरीखाली काळुराम मुलीला न्यायला आला होता. गालावर शिवलेली जखम अजून लाल होती. तो पायरी चढला नाही आणि काही बोललाही नाही. पुढे कधीही त्याने सखुबाईच्या हातचे खाल्ले नाही. तिच्या सावलीलाही तो वळसा घालून जाई. पण त्या दिवसापासून जयाची थाळी तो स्वतः घासून तिच्या हाती देत असे.

साहेबांनी कागदावर काही लिहिले आणि ते गेले. हंडा राहिला. दगडू लंगडत सरपण आणू लागला.

सखुबाईने उलथणे हंड्याला लावून कान दिला. लाथेने त्या बाजूला पोचा पडला होता.

"आवाज बदललाय ह्याचा," ती म्हणाली. "पुन्हा शिकाया लागंल."